जांभळा दोरा

सुरतेत आमची संक्रांत दुतोंडी असायची. खाली स्वयंपाकघरात आई तिळगूळ वळता वळता आम्हाला गोड बोलायला शिकवायची आणि वर अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, बाबा अख्ख्या शेरीचे, आमच्या गल्लीचे, पतंग कापायचे. बाबा मराठी शाळेत मास्तर. वर्षभर माणूस इतका सरळ की रस्त्यात केळ्याचं साल दिसलं तरी वाकून उचलून बाजूला टाकायचा. पण उत्तराण आली की त्यांच्या अंगात यायचं. संक्रांतीला तिथे उत्तराण म्हणतात आणि त्या दिवशी म्हातारेकोतारेसुद्धा घरात सापडत नाहीत. पुण्याकडचे नातेवाईक हसायचे, मास्तर आणि पतंग उडवतो? हसा म्हणावं. सुरतेत पतंग न उडवणारा माणूस एकतर आजारी असायचा, नाहीतर नुकताच बदलून आलेला बँकेचा साहेब.

सणाच्या आधी रस्त्याच्या कडेला खांबांना दोरे ताणून दोरा रंगवणारे बसत. खळ, रंग आणि काचेची पूड यांचा लगदा हातात घेऊन ते दोऱ्यावरून इकडून तिकडे चालत राहायचे. सगळी शेरी गुलाबी दोरा घ्यायची. बाबांना मात्र जांभळाच हवा. आपला दोरा आभाळात ओळखू आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. रंगवणारा कुरकुरायचा, एका फिरकीसाठी वेगळा रंग कोण कालवणार? पण बाबा तिथेच उभे राहून कालवून घ्यायचे.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. साठचं दशक संपत आलं होतं. फिरकी धरायचा मान माझा. मुलींनी फिरकीच धरायची असते, असं शेरीतल्या मुलांचं मत होतं आणि मी त्यावरून दोघांना चांगलं बदडलंही होतं. त्या दिवशी दुपारी बाबांचा पतंग कापला गेला. कापला गेला की दोरा खाली पडतो, घरांवर, तारांवर, कडुलिंबावर. तो ओढून परत गुंडाळायचा तर गुंता होतो, अर्धा तास त्यात जातो आणि तेवढ्यात वारा पडतो. म्हणून कोणीच गुंडाळत नाही. सगळे हातातूनच दोरा तोडतात आणि नवा पतंग चढवतात. बाबांनीही तोडला. त्यात काही वावगं आहे, असं त्या शेरीत कुणाच्या मनातही आलं नसतं.

तो तुटलेला दोरा आमची अगाशी आणि समोरचा कडुलिंब यांच्यामध्ये शेरीवर आडवा लोंबत राहिला. ऊन उतरलं तेव्हा एक मागवाला, कापडाच्या कारखान्यात यंत्रमाग चालवणारा, सायकलवरून घरी चालला होता. हा मूळचा खानदेशातला, नंदुरबारकडचा, आमच्या मागच्या चाळीत बायकोमुलांसह राहायचा. त्याला दोरा दिसला तो अगदी गळ्याशी आल्यावर. त्याने हात मध्ये घातला. गळा वाचला, पण सायकल पुढे गेली आणि दोरा त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत हाडापर्यंत रुतला.

आरडाओरडा ऐकून आम्ही सगळे धावत खाली आलो. तो कडुलिंबाखाली बसला होता. आईने त्याचा हात आपल्या पदरात घेतला आणि बोटांतून दोरा सोडवायला लागली. रक्ताने माखला होता, तरी रंग लपत नव्हता. एव्हाना अर्धी शेरी गोळा झाली होती. आईला मनातलं मनात ठेवणं कधी जमलंच नाही. तिने मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, हा आपला दोरा."

शेजाऱ्यांनी बाबांना सोडवायचा प्रयत्न केला, हे मला कबूल केलं पाहिजे. चांगली माणसं होती, मास्तरांचा मान राखणारी. एकजण म्हणाला, उत्तरायणमां तो आवुं थाय, असं होतंच, मुद्दाम का कोणी करतं? दुसऱ्याने सांगून टाकलं की पलीकडच्या शेरीतही जांभळा दोरा पाहिलाय. बाबांनी नुसती मिठाची गुळणी धरली असती तरी विषय तिथेच मिटला असता. मी देवाशपथ सांगते, ते गप्प बसावेत असं मला वाटत होतं. त्यांची मान खाली जाताना मला बघायची नव्हती.

"माझाच आहे," बाबा म्हणाले. "मीच तोडून टाकला."

मग ते त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. टाके पडले. आत काही शिरा तुटल्या होत्या, हात बरेच आठवडे वापरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. खरं संकट त्यानंतर कळलं. मागावर तुटलेले धागे जोडायचं काम बोटांचं. वर्षानुवर्षं कांड्यांवर सूत भरायचं हलकं काम केल्यावर कुठे त्याला स्वतःच्या हाताखाली माग मिळाला होता. मागवाला आला नाही तर कारखान्याचा शेठ माग थांबवून ठेवत नसे, दुसऱ्या माणसाला देऊन टाकी. माग गेला की सुरत सुटली. त्याची बायको आमच्या ओट्यावर येऊन बसली होती. रडत नव्हती, भांडतही नव्हती. आईने दिलेला चहा मात्र तिने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी वासी उत्तराण, म्हणजे पतंगांचा शिळा दिवस. बाबा शेठच्या घरी गेले आणि मला का कोण जाणे सोबत नेलं. शेठ अगाशीवर पतंग उडवत होते. बाबांनी तिथे, त्यांच्या पाहुण्यांच्या देखत, सगळं सांगितलं. दोरा माझा होता, त्याचा माग जाऊ देऊ नका. शेठ काही राक्षस नव्हते. म्हणाले, मास्तर, माग उभा ठेवून मला परवडत नाही, पण त्याच्या घरचा कोणी जागेवर उभा राहिला तर जागा त्याचीच राहील. मात्र चार दिवसांत माणूस आणा. एवढं बोलून ते पुन्हा पतंगाकडे वळले.

घरचा म्हणजे मागवाल्याचा धाकटा भाऊ. त्याने धुळ्याला माग चालवला होता, पण आता गावीच होता. पत्र वेळेत पोचलं नसतं. बाबांनी शाळेतून रजा घेतली आणि संध्याकाळच्या भुसावळकडच्या गाडीने निघाले. आई म्हणाली, त्याच्या चाळीतल्या कुणाला तरी पाठवा, तुम्हीच कशाला? बाबांनी पिशवीत तिळगुळाचा डबा तेवढा ठेवून घेतला.

तिथे काय झालं ते बाबांनी कधी सांगितलं नाही. त्या धाकट्या भावाकडून कळलं. बाबा त्याच्या आईसमोर अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, तुमच्या मुलाचा हात माझ्यामुळे कापला. म्हातारीने एवढंच विचारलं, "गळा तं वाचना ना?" बाबांनी होकाराची मान हलवली. तिने पुढ्यात भाकरी ठेवली आणि पहिले जेव, मंग बोल, असं म्हणाली. भाऊ सांगायचा, गुरुजी जेवले, पण सगळा वेळ डोळ्यांतून पाणी गळत होतं. हे ऐकून मला फार राग आला होता. कुणाचा, ते तेव्हा कळलं नव्हतं.

भाऊ आला, मागावर उभा राहिला, माग वाचला. बोटंही हळूहळू भरून आली, पण त्यातलं एक पुरतं वाकेना. तो त्याच बोटाने धागे जोडायला शिकला.

आमच्या घरातला पतंग मात्र गेला. बाबांनी फिरकी देऊन टाकली. पुढे दरवर्षी वासी उत्तराणीला ते लांब बांबूला आकडा बांधून शेरीत फिरायचे आणि लोंबणारे दोरे काढायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा दोऱ्याचा धंदा काढणार का? मी त्यांच्याशी बोलणं सोडायचे आणि घरी येऊन आईवर चिडायचे. तूच बोललीस तेव्हा, तुला कुणी सांगितलं होतं? आई म्हणायची, बोलले ते बरोबरच बोलले. पण उत्तराणीच्या दुपारी ती अगाशीच्या जिन्याकडे बघायची, हे मी पाहिलं आहे.

शेरीतल्या लोकांनी आधी थट्टा केली, मग काहीजण स्वतःच्या घरासमोरचे दोरे स्वतः काढायला लागले. हा बदल झाला, नाही असं नाही. पण मास्तर पतंग उडवत नाहीत ही गोष्ट शेरी विसरली नाही.

मी कॉलेजात जायला लागले होते. उत्तराणीच्या सकाळी तो मागवाला दारात आला. दरवर्षी तिळगूळ घ्यायला यायचाच, पण या वेळी त्याच्या हातात फिरकी होती. साधा पांढरा दोरा, ना रंग, ना काच. काखेत एक पतंग.

"गुरुजी, चला वर. फिरकी मी धरतो."

बाबांनी हात जोडले. म्हणाले, आता नाही रे, मी सोडलं ते सोडलं.

तेव्हा तो उंबऱ्यावरच बसला. "तुम्ही सोडलं, पण ते मला लागलं ना," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी या शेरीतून जातो तेव्हा लोक बोट दाखवतात. हाच तो, याच्यामुळे मास्तरांचा पतंग बंद झाला. हात माझा कापला गेला, गुरुजी, आणि वरून वाईटही मीच ठरलो."

आपलं प्रायश्चित्त दुसऱ्याच्या डोक्यावर बसलंय, हे बाबांच्या कधी ध्यानीच आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी इतकी वर्षं माझ्याच मान-अपमानात. बाबा उठले आणि जिना चढायला लागले.

सगळ्या अगाश्या बघत होत्या. त्याने त्या न वाकणाऱ्या बोटानिशी फिरकी धरली आणि बाबांनी पतंग चढवला. बिनकाचेचा दोरा तो कितीसा टिकणार? पहिल्याच पेचात गेला. सगळी शेरी ओरडली, "काप्यो छे!" आणि इतक्या वर्षांनी ते ऐकून बाबा चक्क हसले. आई पदराला हात पुसत जिन्यात उभी होती, तिने तोंड फिरवलं.

बाबांनी दोरा तोडला नाही. शेरीभर पडलेला तो पांढरा दोरा ते हळूहळू ओढत राहिले, आणि मग दोघं अगाशीवर मांडी घालून समोरासमोर गुंता सोडवत बसले. वारा छान होता, आभाळ पतंगांनी भरलं होतं, पण दोघांनीही वर पाहिलं नाही. खालून आई जेवायला हाका मारत राहिली.