एकेचाळीस स्फोटांची राख

मी ज्वालामुखीवर पीएचडी करतेय, हे आमच्या जासई गावात सांगितलं की लोक हसायचे. इंडोनेशियातल्या एका डोंगराचे लागोपाठ स्फोट होत होते, आणि त्याची राख खालच्या भातशेतीवर, गवतावर, विहिरींवर पडत होती. त्या राखेतून जमिनीत आणि पाण्यात काय उतरतं, हा माझा विषय.

डोंगराच्या पायथ्याशी एक शेतकरी बाई राहायची. तिच्या छपरावर आम्ही पत्र्याचे ट्रे मांडले होते. स्फोट झाला, राख पडली, की पाऊस यायच्या आत ब्रशने ती झाडून घ्यायची, पिशवीत भरायची, वर तारीख आणि वेळ घालायची. पावसाने राख धुतली की कणांना चिकटून आलेलं विषारी फ्लोराइड वाहून जातं, मग ती माझ्या उपयोगाची नाही. डोंगर गरजला की आम्ही दोघी शिडीकडे धावायचो. नाकातोंडाला फडकं बांधलेलं असायचं, तरी दातांत कचकच यायची.

त्या दिवसांत तिच्या दोन म्हशींतली एक चरून आली, आजारी पडली आणि मेली. मी निघताना दुभाष्याकडून तिने एवढंच विचारलं, "कुठल्या दिवसाच्या राखेने हे झालं? कळलं तर पुढच्या वेळी जनावरं कधी आत बांधायची ते ठरवता येईल."

मी तिला सांगितलं, नक्की कळवेन. माझ्याकडे एकेचाळीस पिशव्या होत्या. एकेक पिशवी म्हणजे एकेक स्फोट.

विमानात ती भुकटी नेऊ देईनात. म्हणून पिशव्या आमच्या यंत्रांच्या पेटीत घालून जहाजाने न्हावा शेवाला पाठवल्या. बंदरावर आलेला माल कागदपत्रं करून सोडवणाऱ्या एका ऑफिसात माझा मोठा भाऊ होता. घरातलाच माणूस, म्हणून मी निश्चिंत होते.

"बाय, पेटीत हाय काय नक्की?" दादाने जेवताना विचारलं.

"राख आहे. तुला काय कळणार त्यातलं?"

आई वाढता वाढता थांबली. दादा खाली मान घालून जेवत राहिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तेव्हा तशीच बोलायचे घरात सगळ्यांशी.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. माल सोडवायच्या अधिकारपत्रावर सही करून मी सगळं दादावर सोडलं. आठवड्याने त्याचा फोन आला. "सुटला तुझा माल! टेम्पोतून घेऊनच येतो."

अंगणात पेटी उघडली. यंत्रं नीट होती. शेजारी दोन पांढऱ्या गोण्या, तोंडं सुतळीने शिवलेली.

"पिशव्या कुठायत?"

"ह्यातच हाय ना सगळं. एवढ्या पिशव्या म्हनजे कस्टमवाले एकेक फोडून बघनार, एकेकीचं विचारनार. महिना गेला असता. मीच गोदामात बसलो नि सगळ्या ओतल्या. दोन नग, कागदावर एक लाईन. टेन्शनच नाय."

"आणि त्या पिशव्या?"

"टाकल्या." मग माझं तोंड बघून घाईघाईने म्हणाला, "वजन करून बघ. मूठभर कमी निघायचं नाय."

त्याचे हात कोपरापर्यंत करडे झालेले. चेहऱ्यावर मोठं काम केल्याचं हसू. मी ओरडायला लागले. काय काय ओरडले ते आठवत नाही. आई सांगते, 'अडाणी' म्हणाले होते, दोनदा. शेजारची माणसं बाहेर आली.

दादा शांतपणे म्हणाला, "मंग सांगायचं व्हतं ना, बाय. मी इचारलं व्हतं तुला."

ते खरंच होतं, आणि त्याचाच राग जास्त आला.

माझे पीएचडीचे सर रागावले नाहीत. त्यांनी गोणीतली राख कागदावर घेतली, भिंगाखाली पाहिली. "यातून सरासरी निघेल," म्हणाले. "कुठल्या स्फोटाने काय केलं, ते निघणार नाही." पुढच्या वर्षी तो विषय दुसऱ्या विद्यार्थ्याला गेला, आणि त्याच्यासोबत इंडोनेशियाही.

तरी मी प्रयोगशाळेत बसून ती राख तपासली. फ्लोराइड होतं, जनावराला बाधेल इतकं होतं. ते पहिल्या स्फोटांबरोबर आलं की शेवटच्या, हे जगात कुणीच सांगू शकलं नसतं. दुभाष्याला मी ईमेल लिहिला, अभ्यास अपूर्ण राहिला. का राहिला, ते लिहिलं नाही. त्याचं उत्तर आलं: बाईने निरोप ऐकला, आणि उरलेली म्हैस विकून टाकली.

आता मी वाशीला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. ज्वालामुखीचा धडा दोन तासिकांत उरकते. मुली चांगले प्रश्न विचारतात, तेव्हा चिडचिड होते.

गेल्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. दादा कुणालातरी सांगत होता, बहिणीचा ज्वालामुखीचा माल आठवड्यात कसा सोडवून आणला. मी आतून ऐकत होते. पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अजून राग हाय का गं?"

"नाही रे," मी म्हणाले.

त्याला ते खरं वाटलं. बरं वाटल्यासारखा हसला आणि बाहेर खुर्च्या आवरायला गेला.