टेपवरची मांजर

मावशीच्या कानांबद्दल घरात दुमत नव्हतं. शेजारचा पंखा कुरकुरायला लागला, तर तेल कुठे सोडायचं ते ती भिंतीच्या अलीकडून सांगायची. चौतीस वर्षं तिने ध्वनिमुद्रण केंद्रात टेपा कापल्या आणि जोडल्या. गाताना ठसका लागला की तेवढाच तुकडा ब्लेडने तिरपा कापायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जुळवायची, आणि सांधा कुठे आहे ते खुद्द गायिकेलाही कळू द्यायचं नाही. तिथे तिला सगळे ब्लेडबाई म्हणत. या नावाचा तिला भलताच अभिमान.

जुन्या गाण्यांचा विषय निघाला की मावशी गाण्यांपेक्षा मांजरांवरच जास्त बोलायची. तिच्या काळी केंद्रावर दोन गायिकांचं राज्य होतं. म्हणजे राज्य एकीचंच, दुसरी आपली नुसती होती. आवाज इतके सारखे की मंडळी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, पण नातं काहीच नव्हतं. थोरलीची पांढरीशुभ्र मांजर मोटारीतून यायची आणि मालकिणीने पहिला सूर लावला की शेपटी ताठ करून बाहेर चालती व्हायची. “कान आहेत तिला,” वादक हळूच म्हणत. धाकटीची पिवळी मांजर मात्र गाणं सुरू झालं की तिच्या मांडीवर मुक्काम ठोकायची.

मावशीची भाची आता त्याच केंद्रात जुन्या टेपा संगणकावर घेऊन स्वच्छ करत होती. एका सकाळी तिचा फोन आला.

“मावशी, थोरलीचं एक गाणं सापडलंय, कुणीच न ऐकलेलं. परवा प्रसिद्ध होणार. खाली कसल्यातरी मोटारीची घरघर आहे, तेवढी काढतेय.”

“डबा कसला आहे?”

“पत्र्याचा, निळा.”

“काही काढू नकोस. मी निघाले.”

केंद्रात पोचल्यावर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. कडवं संपलं तशी ती म्हणाली, “ही मोटार नाही. मोटार श्वास घेते का? नीट ऐक, आत घेताना एक आवाज आहे, बाहेर सोडताना दुसरा. आणि सोडताना शेवटी किंचित अडखळते. पिवळी आहे ही. गाणं धाकटीचं आहे.”

भाचीने साहेबांना बोलावलं. साहेब तरुण होते, मावशी निवृत्त झाल्यावर आलेले.

“बाई, डब्यावर थोरलींचं नाव आहे. मांजराच्या साक्षीवर ते बदलू?”

“डबा मीच बदलला होता,” मावशी म्हणाली.

मग मावशीनेच सगळं सांगितलं. थोरलीच्या टेपा निळ्या डब्यांत, कुलपात राहत. धाकटीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत पडत, आणि कोरी टेप संपली की तीच गाणी पुसून वर दुसरं काही भरत. हे गाणं कापताना मावशीला एकही तुकडा काढावासा वाटला नव्हता. ते पुसलं जाऊ नये म्हणून तिने ते निळ्या डब्यात सरकवलं, आत खऱ्या नावाची चिठ्ठी घातली. ती चिठ्ठी कुठेतरी गळून पडली असावी.

“गाणं वाचवलं मी,” ती म्हणाली, “पण नाव घालवलं. आता ते तरी परत द्या.”

“तुमचं खरं असेलही, पण कागद काय दाखवू?”

“कागद नको, टेपच दाखवते. धाकटीची एक मुलाखत होती. बोलण्याच्या टेपा वेगळ्या कपाटात ठेवत, त्या कुणी पुसत नसे.”

भाचीला ती शोधायला तास लागला. मुलाखतीत धाकटी आधी नुसतीच लाजून हसत होती. मग प्रश्नकर्त्याने विचारलं, “मांडीवरून हिला उतरवू का?” त्यावर ती म्हणाली, “राहू द्या, हिच्याशिवाय मला गाता येत नाही.” आणि खाली तीच घरघर, शेवटी अडखळणारी.

साहेबांनी दोन्ही टेपा तीनदा ऐकल्या. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच बोट वर करून अडखळण्याची जागा दाखवली.

“एवढं बारीक तुम्ही इतकी वर्षं लक्षात ठेवलंत?”

“काम होतं ते माझं,” मावशी म्हणाली खरी, पण अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

साहेबांनी डब्यावर लावायला नावाची नवी पट्टी मागवली आणि लेखणी तिच्यापुढे केली. मावशीने ‘धाकटी’ असं लिहिलं नाही. जाहिरातींत कधीच न छापलेलं तिचं पूर्ण नाव, आडनावासकट, ठळक अक्षरांत लिहिलं.

“आणि घरघर?” भाचीने विचारलं. “ठेवू की काढू?”

“हात तर लावून बघ,” मावशी म्हणाली.