वरचा बाण दाबला तेव्हा

अशा सदरांत सगळे "माझा विश्वास नव्हता" म्हणून सुरुवात करतात, आणि मला ते वाचून हसू यायचं... आता तीच वेळ माझ्यावर आलीय. मी अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. शेजारच्या काकूंनी दाराला लिंबू-मिरची बांधली तर "काकू, त्यापेक्षा सरबत करा" म्हणणारी बाई. कॉम्प्युटर विचित्र वागला की त्यामागे कुणातरी माणसाचा गाढवपणा असतो, हे माझं ठाम मत. अजूनही आहे — एक प्रसंग सोडून.

आमचा एक चॅट ग्रुप आहे. पनवेल, खारघर, कामोठे इथले साठेक डेव्हलपर. दिवसभर नुसती बडबड. कोडमध्ये टॅब द्यायचा की स्पेस, स्क्रीन काळा बरा की पांढरा, एआय आपल्या नोकऱ्या खाणार का, आणि खाणार असेल तर निदान मॅनेजरपासून सुरुवात करेल का... एकदा टॅब आणि स्पेसवरून दोन दिवस भांडण पेटलं होतं. तेव्हा नितेशने लिहिलं, "आमच्याकडं सकालपासून लाईट नाय, तुमचं चालू द्या." सगळा ग्रुप हसला होता.

नितेश कोन गावचा, आगरी. घरातला पहिला इंजिनियर. खारघरच्या एका छोट्या कंपनीत तो, मी आणि आमचा टीम लीड आमोद एकाच टेबलावर बसायचो. काम शाळेच्या बसचं — पालकांना मोबाइलवर बस कुठवर आली ते दिसतं. आणि आमच्याकडे एक आळशी पद्धत होती, जी अर्ध्या कंपन्यांत असते. खऱ्या डेटाबेसमध्ये शिरायला सगळ्यांना मिळून एकच लॉगिन. वेगवेगळे पासवर्ड कोण लक्षात ठेवणार! त्यामुळे आत कोण काय करून गेलं, ते मागाहून कळायला मार्गच नाही.

आमोदच्या स्क्रीनवर कायम दोन काळ्या खिडक्या उघड्या असायच्या. एक चाचणीची, एक खरी. दिसायला सारख्या. एका दुपारी त्याने चाचणीच्या खिडकीत द्यायची कमांड खऱ्या खिडकीत दिली आणि एका शाळेच्या सगळ्या बसफेऱ्या पुसून टाकल्या. मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते. मी ती कमांड माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्याने चटकन दोन्ही खिडक्या बंद केल्या, तेही पाहिलं.

अर्ध्या तासाने मालकांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा आमोद म्हणाला, "नितेश होता सर लॉगिनवर."

नितेश म्हणाला, "सर, मी नाय केलं. आयशप्पत." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी मांडीवरच्या माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं. माझं प्रमोशन त्या आठवड्यात आमोदच्या शेऱ्यावर अडलेलं होतं. ते मिळालं.

नितेशला काढलं. त्याच संध्याकाळी आमोदने ग्रुपवर त्याच्या फोटोचं स्टिकर टाकलं — खाली लिहिलेलं, "सगळं पुसून देतो." लोकांना फार आवडलं. तेव्हापासून कुणाचं काही चुकलं की ग्रुपवर यायचं, "आज माझा नितेश झाला." मीसुद्धा त्यावर एक हसरा इमोजी टाकला होता. नितेशने ग्रुपवर एकच प्रश्न विचारला: "कमांड कोणत्या मशीनवरून आली ते नंतर शोधता येतं का? कोणाला माहीत असेल तर सांगा, गरज हाय." आमोदचं उत्तर आलं, "कशाला रे, स्वतःचंच नाव सापडेल." खाली सतरा जणांचं हसणं.

इथल्या इथे सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे नितेशला जवळपास कुणी नोकरी दिली नाही. तो मामाचा टेम्पो चालवायला लागला. चार महिन्यांनी कावीळ झाली, अंगावर काढली, आणि गेला. ग्रुपवर श्रद्धांजलीच्या मेसेजची रांग लागली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, "सर्व्हर पडला, नितेश झाला यार."

त्या दिवसापासून मी आमोदवर डूख धरला. खरं सांगते, मी त्याच्या समोर बसून डबा खायचे आणि मनात म्हणायचे, तुझं वाटोळं होऊ दे. रोज. जेवताना.

मग ग्रुपची प्रत्यक्ष भेट ठरली. रविवारी सकाळी साडेअकराला, पनवेलमध्ये टपाल नाक्याजवळ एका क्लासचा हॉल घेतला होता, दुसऱ्या मजल्यावर. आमोद भाषण देणार — 'लाइव्ह डेटाबेस कसा सांभाळावा'. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "नितेशवाली स्टोरी का?" आणि आमोदने डोळा मारणारं तोंड टाकलं. मेलेल्या माणसावर!

प्रोजेक्टर जोडायचं काम मी मागून घेतलं. हेतू चांगला नव्हता. त्याची डेमोची फाइल उडवायची, साठ जणांसमोर त्याची फजिती करायची, एवढाच माझा बेत. हलकटपणा होता, मान्य. अकरा वाजता आमोद खाली चहाला गेला. त्याचा लॅपटॉप नवाकोरा होता, त्याच आठवड्यात सोमवारी आमच्यासमोर ऑफिसात खोका फोडलेला. मी काळी खिडकी उघडली. या खिडकीत वरचा बाण दाबला की आधी दिलेली कमांड परत दिसते; या जुन्या कमांडच्या नोंदीला हिस्टरी म्हणतात. त्याने डेमोसाठी काय लिहून ठेवलंय ते बघावं म्हणून मी बाण दाबला.

तीच कमांड आली.

तीच शाळा. त्याच बसफेऱ्या. आणि पुढे आमच्या जुन्या सर्व्हरचा पत्ता, जो सर्व्हर आम्ही सहा महिन्यांपूर्वी कायमचा बंद केला होता. मी परत बाण दाबला. पुन्हा तीच. आणखी वर गेले, तरी तीच. मी खिडकी बंद केली आणि फाइलला हातही लावला नाही.

आमोद जिना चढून आला, म्हणाला, "सगळं ओके ना ग?"

मी त्याला सांगू शकले असते. मी म्हटलं, "एकदम ओके."

पहिल्या रांगेत आमचे मालक बसले होते. आमोदने दहा मिनिटं छान रंगवून सांगितलं, एका ज्युनियरने कसा घोळ घातला, मग आपण रात्रंदिवस राबून कसं सावरलं. हशा पिकला. मग म्हणाला, आता डेमो दाखवतो, आणि खिडकी उघडून सवयीने वरचा बाण दाबला.

भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत ती ओळ आली. सुरुवातीला, कमांड कोणत्या मशीनवरून दिली ते दाखवणारी नावं: आधी आमोदचं, मग त्याच्या जुन्या लॅपटॉपचं. तो थबकला. पुन्हा दाबलं. खिडकी बंद करून नवी उघडली... तीच ओळ, बाण न दाबता. मग तो एन्टर दाबून ती पुढे ढकलायला गेला. बंद पडलेल्या सर्व्हरकडून काय उत्तर येणार? काहीच नाही यायला पाहिजे. पण उत्तर आलं. किती ओळी पुसल्या तो आकडा, आणि पुढे तारीख आणि वेळ — त्या दुपारची.

मालक उठून उभे राहिले. "आमोद, हा तुझा जुना लॅपटॉप ना? ही त्या दिवसाची कमांड आहे?"

आणि आमोद, माइक हातात, साठ माणसांसमोर बोलून गेला, "नाही सर, शक्यच नाही! मी त्याच दिवशी हिस्टरी पुसली होती!"

त्याला स्वतःला काय बोललो ते कळायला दोन-तीन सेकंद लागले. मला त्याचा चेहरा अजून दिसतो, आणि दिसला की बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

सोमवारी त्याला काढलं. ग्रुपवर संध्याकाळपर्यंत "आज माझा आमोद झाला" सुरू झालं. पहिला मेसेज माझा होता.

आमच्या एका सहकाऱ्याने तो लॅपटॉप दोन दिवस उलटासुलटा करून तपासला. हिस्टरी खोका फोडला त्या सोमवारपासूनची, त्यात ती कमांड नाही. जुन्या लॅपटॉपवरून काही कॉपी केलेलं नाही. "इंटरनेटवरून आलं असेल," म्हणावं तर त्या हॉलचं वायफाय तेव्हा चालत नव्हतं. एकाने मोबाइलवर शूटिंग केलंय. त्यात भिंत उजेडाने नुसती पांढरी दिसते, आमोदचा आवाज मात्र स्वच्छ आहे.

पुढच्या रविवारी मी कोनला गेले. नितेशच्या आईला भेटले. म्हटलं, मावशी, तुमच्या मुलाने काही केलं नव्हतं, सगळ्यांसमोर सिद्ध झालं. त्या सुकी मच्छी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"आमाला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "त्यो बोलला व्हता, बाजूला येक ताई बसते, तिनं बगलंय. आज नाय तं उद्या बोलंल, बोलायचा." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "ती ताई तूच ना ग?"

मी मान डोलावली.

"मंग त्यो जिता असताना का नाय आलीस?"

त्यांनी मला चहा दिला. मी प्यायले, कप विसळून ठेवला आणि निघाले.

घरी येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं, मी त्या दुपारी काय पाहिलं होतं त्यासकट. बऱ्याच जणांनी वाचलं. उत्तर कुणी दिलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

त्या लॅपटॉपवर ती कमांड कुठून आली, ते मला आजही माहीत नाही, आणि कुणी समजावून सांगेल अशी आशाही नाही. पण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते द्यायला मी अजून कोनला गेलेले नाही.