पप्पांचे नकाशेवाले मासे

माझ्या बापाचे मासे माझ्यामुळे मेले.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. काल सकाळी पप्पा गेले. आता लिहिते.

वसमतला पप्पांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आमच्या बहुतेक नातेवाईकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आणि हा माणूस घरात समुद्राचे मासे पाळत होता.

क्लाऊनफिश. केशरी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे.

मुंबईहून पाकिटातलं मीठ यायचं. ते मोजून पाण्यात कालवायचं, की झाला पप्पांचा समुद्र.

त्यांच्याकडे एक जोडी अशी होती, की जिचे पट्टे सरळ नव्हतेच. मध्येच तुटलेले, पसरलेले, कुठल्यातरी देशाचा नकाशा असावा तसे.

"हे चुकलेले मासे आहेत का?" मी विचारलं होतं.

"चुकले कशाचे? असा मासा दुसऱ्या कुणाकडं न्हाई."

त्या जोडीची पिल्लं वाढवायची, हे एकच वेड. सायबर कॅफेतून इंग्लिश प्रिंटआऊट आणायचे. मी डिक्शनरी घेऊन वाचून दाखवायची. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून ते अंडी बघायचे. गच्चीवर बाटल्यांमध्ये हिरवं पाणी, त्यात डोळ्याला न दिसणारे जीव, ते पिल्लांचं खाणं.

शेकड्यांनी पिल्लं निघायची. आठवड्यात सगळी मरायची.

तीन वर्षं हेच.

मग एकदा नऊ जगली. नऊच्या नऊ नकाशेवाली. त्या दिवशी पप्पांनी दुकान उघडलंच नाही.

२००७ चा उन्हाळा आठवतो का? लोडशेडिंग. दिवसाला बारा-बारा तास लाईट नाही. आई आणि मी माशांच्या टाकीभोवती ओली पोती बांधायचो. पाण्यात हवा जावी म्हणून तांब्याने पाणी वरून ओतत बसायचो. हात भरून यायचे.

तरी दोन पिल्लं गेली.

तेव्हा पप्पांनी ठरवलं. नागपूरला एक ओळखीचे गृहस्थ होते, माशांचा मोठा सेटअप, जनरेटर. पप्पा आईला एवढंच म्हणाले, "माझ्याकडं मरण्यापेक्षा त्यांच्याकडं जगू दे."

वेल्डिंगवाल्याकडून पिशव्यांत ऑक्सिजन भरून घेतला. जोडी आणि सात पिल्लं, चार पिशव्या, थर्माकोलचा डबा. सकाळची एसटी. डबा माझ्या मांडीवर. मी तेव्हा नुकती बारावी दिलेली.

हिंगोली सोडलं आणि कनेरगाव नाक्याजवळ गाडी थांबली.

पुढे रास्ता रोको. बायका रिकामे हंडे घेऊन रोडवर बसलेल्या. गावात प्यायला पाणी नव्हतं.

पप्पा खाली उतरून बघून आले. "त्यांचं बराबर हाय," म्हणाले, आणि जागेवर येऊन बसले.

एक तास. दोन तास. मे महिना, पत्र्याची गाडी. जवळच्या ढाब्यावरचा बर्फ आणून डब्यात ठेवला, तो वितळला. दुसऱ्यांदा गेले तर बर्फ संपलेला.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पप्पांनी डबा ढाब्याच्या सावलीत नेला. पाणी हलवायला म्हणून पिशव्या उघडल्या. ऑक्सिजन गेला तो गेलाच.

माणसं जमली. रोडवरची एक म्हातारी उठून आली. तिच्या बाटलीत घोटभर पाणी होतं. ते तिने पुढे केलं.

"टाका दादा याच्यात. जीव हाय तो."

पप्पांनी हात जोडले. "माय, यांना गोडं पाणी चालत न्हाई."

"मंग कोन्तं लागते?"

"समुद्राचं."

ती जरा वेळ माशांकडे बघत राहिली. "तो तं लय दूर हाय," म्हणाली. आणि तिथंच खाली बसली.

शेजारी पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "हवाच पाह्यजे ना? माह्याकडं हाय की कॉम्प्रेसर."

पप्पांनी मान हलवली. "त्या हवेत तेल येतं."

मी ओरडले. सगळ्यांसमोर.

"पप्पा, काहून थांबून राहिले तुमी? मरून राहिले ते! भरा ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नळी हातात घेतली.

पाचेक मिनिटं मासे खरंच सावरले. मी टाळ्या वाजवल्या हो. टाळ्या.

मग पाण्यावर पातळ रंगीत तवंग दिसला.

पिल्लं आधी गेली. मग नर. मादी सगळ्यात शेवटी.

बदलायला खारं पाणी नव्हतं. आम्ही नुसते बघत होतो.

थोड्या वेळाने रस्ता मोकळा झाला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पप्पा कंडक्टरला म्हणाले, "आमी इथंच उतरतो."

एसटीडी बूथवरून नागपूरला फोन केला. "गर्मीनं गेले," एवढंच बोलले.

घरी आईलाही तेच. "गर्मीनं गेले."

त्यानंतर त्यांनी पुन्हा मासे आणले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता डोळे साथ देत न्हाईत." त्याच डोळ्यांनी पुढे कितीतरी वर्षं लेडीज घड्याळं दुरुस्त केली.

मी केमिस्ट्री केली. पाण्यावर तेलाचा थर आला की काय होतं ते आता मीच वर्गात शिकवते.

मागच्या दिवाळीत हिंमत करून विचारलं. ते खुर्चीत बसून एका घड्याळाचं झाकण बसवत होते.

"पप्पा, ते गर्मीनं नव्हते ना गेले? मी हवा भरायला लावली म्हणून गेले."

त्यांनी वर पाहिलंच नाही.

"नळी कोणाच्या हातात होती?"

"तुमच्या."

"मंग? तुझ्या हातात नव्हती ना? झालं तर."

आणि झाकण दाबून बसवलं.

पप्पा, श्रद्धांजली हा शब्द आपल्या माणसासाठी टाईप होत नाही हो.

नमस्कार करते.