आठवा खिसा

टेलरबाईंची एकुलती एक लेक राखीव किनाऱ्यावर पक्षी मोजायच्या कामाला होती. तीन वर्षं तिचा एकच घोशा होता, एक दिवस तरी ये. बाईंचं उत्तर ठरलेलं. हातातलं काम उरकू दे, मग बघू. कधी शाळेचे गणवेश असायचे, कधी कुणाच्या लग्नाचे कपडे. खरं तर कामाची नुसती सबब होती. एवढ्या शिकल्यासवरल्या पोरीने चिखलात उभं राहून पाखरं मोजावीत, हे बाईंना पटतच नव्हतं, आणि तसं त्या तोंडावर बोलूनही दाखवत. लेक ते हसण्यावारी न्यायची. मग यंदा साधा ताप आल्याचं निमित्त झालं आणि चौथ्या दिवशी पोर हातची गेली.

दोन महिन्यांनी बाई दुकान बंद ठेवून तिथे गेल्या, एकट्याच. फाटकावरच्या रखवालदाराने नाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि तो उठून उभाच राहिला. पाच वाजता फाटक बंद व्हायचं, जेमतेम दीड तास हाती होता. तो स्वतः त्यांच्यासोबत निघाला.

ओहोटी लागली होती. लांबवर ओला, चकचकीत चिखल, त्यावर तुरुतुरु चालणारे शेकडो पक्षी, आणि माणूस म्हणाल तर एक नाही. लेक जिथे बसायची त्या फळीवर बाई टेकल्या. इतकं सुंदर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्याचाच त्यांना राग आला.

रखवालदार आपणहून बोलत होता. मॅडम भल्या पहाटे यायच्या, डबा अर्धा त्यालाच द्यायच्या, अंगात कायम ते आठ खिशांचं जाकीट.

"कुठलं जाकीट?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच शिवलेलं. पार विरलं होतं, पण दुसरं घालायच्या नाहीत."

घरी तिने ते एकदाही घातलं नव्हतं. आवडलं नसेल, असं धरून बाई तीन वर्षं मनातल्या मनात धुसफुसत होत्या.

"सात खिसे भरलेले असायचे," तो म्हणाला. "आठवा आतला, छोटा. तो कशाला ठेवलाय ते आई आली की विचारीन, म्हणायच्या."

बाईंनी फळीवरचा सुकलेला चिखल नखाने खरवडला. मग म्हणाल्या, "गोळ्यांसाठी. लिमलेटच्या. उपाशी राहिली की तिला चक्कर यायची."

एवढं बोलल्या आणि पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडल्या. रखवालदार चार पावलं लांब जाऊन समुद्राकडे बघत उभा राहिला. पाच वाजून गेले तरी त्याने हाक मारली नाही. शेवटी बाईच उठल्या.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने सहज विचारलं, कुठून आलात?

"लेकीकडे गेले होते," टेलरबाई म्हणाल्या.

"बरी आहे ना लेक?"

त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.