आतल्या चपला

आमच्या आतल्या चपला गेटाबाहेर मातीत पडल्या होत्या. पांढऱ्या रबराच्या, प्रत्येकीने नेलपॉलिशने आपलं नाव घातलेल्या. काही उलट्या, काही एकमेकींवर चढलेल्या. एकीचा पट्टा तुटलेला. आम्ही कनेरगाव नाक्यावरून काळ्यापिवळ्या जीपने येऊन उतरलो, तर गेट बंद आणि समोर हा ढीग. बाजूला वॉचमन गणपतकाका, हातात झाडू.

सगळ्यांना सगळं कळलं होतं.

बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगते. हिंगोली-वाशिम रस्त्यावर एका मोठ्या बायोटेक कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे केळीची रोपं तयार व्हायची. केळीचा कोंब घ्यायचा, पात्याने चिरायचा, काचेच्या बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर लावायचा. त्याला नवे कोंब फुटले की ते पुन्हा चिरून पुन्हा नव्या बाटल्यांत. हे काम आम्ही बाया करायचो. हातात चिमटा, समोर स्पिरिटचा दिवा, अंगात पांढरा कोट, तोंडाला मास्क. बोलायचं नाही. बुरशीचा एक कण आत गेला की बाटली खलास. म्हणून दारातच बाहेरची चप्पल काढायची, हातपाय धुवायचे आणि रॅकवरची आतली चप्पल घालायची. आतली चप्पल उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. मातीला लागली की ती बाद. एक बाई एकदा घाईत आतल्या चपलेनेच पायरी उतरली होती, तर तिला दिवसभर आत घेतलं नव्हतं.

आता सगळ्यांच्याच मातीत. म्हणजे सगळ्याच बाद. तोंडाने सांगायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

"काका, कुणी केलं हे?" मी विचारलं.

गणपतकाका माझ्याकडे बघेनात. "साहेबानं सांगितलं, बाई. आजपासून ह्या बाया न्हाईत म्हणले. मी म्हणलं, चपला पिशवीत भरून देतो. तर म्हणले, हात कशाला लावतोस, झाडूनं लोट."

झाडूनं लोट. नोकरी गेल्याचं नंतर लागलं. आधी हे लागलं.

कुणी म्हणेल, पोट गेलं त्याचं बघ, चपलांचं काय घेऊन बसलीस? त्याने माझ्या आईला बघितलेलं नाही. माझं माहेर साखरा. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या एका अंगाला, आणि बाजाराला जायची वाट मोठ्या गल्लीतून. त्या गल्लीच्या तोंडाशी आली की आई चप्पल काढायची, पदराखाली धरायची आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घालायची. ही काही फार जुनी गोष्ट नाही. टीव्ही आला होता गावात, घरोघरी रंगीत. आता तिला कुणी काढ म्हणतही नव्हतं. मी विचारायचे, "माय, काहून काढून राहिलीस?" ती म्हणायची, "माझे पाय न्हाई भाजत." मे महिन्यात! एकदा मी नव्या चपला घालून तशीच गल्लीत शिरले. ओट्यावर बसलेला एक माणूस हसून म्हणाला, "आता तुमच्या पायात बी आलं व्हय?" तो मला बोलला, पण धपाटा आईने घातला, माझ्याच पाठीत. चपला काढायला लावल्या. मी अनवाणी, रडत, ती गल्ली पार केली.

अशी मी प्रयोगशाळेत लागले. पहिल्या दिवशी काय बघितलं? मॅनेजरसाहेब दारात वाकले, स्वतःचे बूट काढले, पाय धुतले. हैदराबादेहून कंपनीचे मोठे साहेब यायचे, तेही काढायचे. रॅक एकच. माझ्या चपलेला लागून सुनंदाताईंची चप्पल. सुनंदाताई आमच्या सुपरवायझर, बागायतदाराच्या घरच्या. जेवताना त्या डबा घेऊन लिंबाखाली वेगळ्या बसायच्या, तेवढं मी मनावर घेत नव्हते. रॅक एकच आहे ना, बस. मी माहेरी जाऊन आईला सांगितलं, "माय, आमच्या इथं सगळ्यांनाच काढावी लागते. साहेबाला बी." ती कितीतरी वेळ हसत होती. मी भोळी. मला वाटलं, झालं, सुटलो.

आणि आता हा ढीग.

बाटल्या धुणाऱ्या शांतामावशी तिथेच मातीत बसल्या. "पोरगं आयटीआयला हाय माझं. आता काय करू मी? काय करू?" एवढंच पुन्हा पुन्हा. रेखा माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. तिने साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. एक जण गेटाचे गज धरून आत हाका मारत होती, साहेब, माझं तेवढं बघा, माझं तेवढं बघा. मला तिची दया आली आणि संतापही आला.

मग नवऱ्याच्या मोटारसायकलवरून सुनंदाताई उतरल्या. ढीग बघितला आणि चक्क हसल्या. "माझी चुकून आली वाटतं ह्याच्यात." वाळलेली काडी घेतली आणि त्या काडीने आपली जोडी आमच्या चपलांतून वेगळी केली. हाताने नाही, काडीने. "साहेबांना सांगते, चुकून झालं म्हणून." गेट वाजवलं. उघडलं नाही. त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि हसू कधी उतरलं ते त्यांनाही कळलं नसेल.

शेवटी साहेब आले. गजाआडून बोलले. "कंपनीला आता केळीत रस नाही. वरून ठरलंय, सगळा जोर नव्या कापसाच्या बियाण्यावर. तुमचा हिशोब घरी येईल. उगाच गर्दी करू नका." वळता वळता पुन्हा थांबले. "आणि त्या चपला उचला. रस्त्यावरून घाण दिसतंय."

शांतामावशी उठल्या आणि आपल्या चपलेकडे वाकल्या. माझ्या तोंडून शब्द निघाला तो मलाही नवा होता.

"मावशी, न्हाई. कुणी हात लावायचा न्हाई."

का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मावशींनी हात मागे घेतला. ढीग तसाच ठेवून आम्ही निघालो. घरी नवरा म्हणाला, "चपला तरी आणायच्या."

आठवडाही झाला नसेल. आम्ही माझ्या सासरच्या वस्तीतल्या विहारात बसलो होतो, पुढे काय करायचं ते बोलत. कंपनीची जीप आली. साहेब स्वतः. आमच्या वस्तीत ते पहिल्यांदाच येत होते. विहाराच्या पायरीवर चढले, बुटांसकट.

"साहेब, बूट काढा," शांतामावशी म्हणाल्या.

"मी आत येत नाही. इथूनच बोलतो."

पायरीवर उभं राहूनच बोलले. सिद्धेश्वर धरणाखालच्या बागायतदारांना शेवटची रोपं द्यायचा शब्द गेला होता. खोली बाटल्यांनी भरलेली, खाद्य संपत आलेलं. कोंब लवकर नव्या बाटल्यांत घातले नाहीत तर मरणार. नव्या मुलींचा हात बसायला महिने लागतात, हे त्यांनाही माहीत होतं. "थोड्या दिवसांचं काम आहे. रोजंदारीने या. नंतर कंपनीचं काही निघालं तर तुमचा विचार आधी करू." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याच हातची रोपं आहेत. तुमच्या डोळ्यांदेखत मरू द्याल?"

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. माझा जीव होता त्या रोपांत. बाटलीत फुटलेलं हिरवं टोक बघितलं की मला आतून बरं वाटायचं. आणि घरात तर चूल पेटायची पंचाईत. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हात पदराखाली घेतले.

"येतो," मी म्हणाले. "सगळ्या येतो. चपला अजून तिथंच पडून हायेत. त्या तुमी उचला, धुवा, रॅकवर ठेवा. मग येतो."

साहेबांना आधी समजलंच नाही. मग हसले. "चपलांपायी काम घालवणार?"

"काम तुमी घालवलं. आमी चपलांचं बोलून राहिलो."

"बरं, नव्या घेऊन देतो. सगळ्यांना, चांगल्यातल्या."

रेखाने माझ्याकडे चटकन बघितलं. नव्या चपला, काम, सगळं समोर आलं होतं. माझं मन एक क्षण डगमगलं, खोटं कशाला बोलू.

"नव्या नको. त्याच."

"वॉचमनला सांगतो, धुऊन ठेवेल."

"लोटायला लावल्या तुमी. उचलायच्या बी तुमीच."

पायरीवर बुटांच्या मातीचे ठसे उमटले होते. जीप गेल्यावर शांतामावशींनी ते पुसून काढले. पुसता पुसता म्हणाल्या, "पोरी, माझं पोरगं... पण जाऊ दे. तू बराबर बोललीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या गेटासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिलो. सुनंदाताईही आल्या होत्या, जरा लांब. साहेब बाहेर आले. ढिगापाशी थांबले. आतून क्लार्क बघत होता, ड्रायव्हर बघत होता, गणपतकाका बघत होते. साहेबांनी खिशातून हात काढला. दारात बूट काढताना हा माणूस रोज वाकत होता. कंपनीच्या नियमासाठी कंबर वाकत होती, तर आमच्यासाठी का नाही वाकणार?

नाही वाकली. हात परत खिशात गेला. ते आत निघाले.

तेवढ्यात सुनंदाताई पुढे झाल्या. वेगळी काढलेली आपली जोडी उचलली, पदराने पुसली, छातीशी धरली आणि गेटातून आत गेल्या. आमच्याकडे बघितलं नाही. त्यांच्याही घरी काही अडचण असेल. असेल. मला राग आला तो आला, आजही येतो.

बाकी एकही बाई हलली नाही. मावशीसुद्धा नाही.

एकट्या बाईच्या हातून एवढ्या बाटल्या होणार नव्हत्या. रोपं पिवळी पडली, मग काळी. कंपनीने ती मागच्या नाल्यात ओतली. मी बघायला गेले होते. जेलीत चिकटलेले कोंब, माझ्या हातचे. मी नाल्याच्या काठावर बसून मोकळेपणाने रडले. पण मी चुकले असं एकदाही वाटलं नाही. सुनंदाताईंनाही त्यानंतर काढलं. त्यांची जोडी कुठे गेली, मला माहीत नाही. आमचा ढीग गेटाला कुलूप लागलं तरी तिथेच होता, मातीने भरलेला.

त्यानंतर मी मिळेल ते काम केलं. निंदायला गेले, ढाब्यावर भांडी घासली. सोपं गेलं नाही, अजूनही जात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साखऱ्याला गेले. आईबरोबर बाजाराला निघाले. मोठी गल्ली आली. आई थांबली, वाकली, हात चपलेकडे गेला. मी तिचा हात धरला.

"माय, राहू दे."

"लोकं बघून राहिले ना गं."

"बघू दे."

मी तिचा हात सोडला नाही. ओट्यावर माणसं बसली होती, पायात चपला घालून. आम्ही त्यांच्यासमोरून चाललो. चौघी चालल्यात असं वाटावं एवढा आमच्या दोघींच्या चपलांचा आवाज होत होता.

आता मला कुणीही, कुठेही म्हणालं की चप्पल काढ, तर मी आधी त्याच्या पायांकडे बघते. त्याने काढली असेल तर मीही काढीन. त्याने घातली असेल तर माझीही पायातच राहील.