आईच्या मापाची गाडी

दुचाकी माझ्या नोकरीतच होती. सावली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. लशींचा डबा मागं बांधून धानाच्या बांध्यांमधून गावोगाव फिरायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी मी मोटारसायकल घेणार म्हटल्यावर घरी कुणी फार चकित झालं नाही. चकित व्हायची पाळी माझी होती.

"एकटी काऊन जाऊन राह्यली?" आईनं विचारलं. "मले बी ने."

"आई, मी विशाखापट्टणमला चालली. सिरोंच्यावरून, बस्तरातून."

"समुद्र हाये ना तिथी?"

"हाव."

"वैनगंगेच्या पुराएवढा?"

"त्याहून मोठा."

"मंग त मले पायचाच हाये."

आईनं साठी ओलांडली आहे. अजूनही आमच्या गावच्या रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बायांची म्होरकी तीच असते. कमरेतून वाकून दिवस काढणाऱ्या बाईला पाठीचं दुखणं सांगून घरी बसवणं मला जमणार नव्हतं. नागपूरच्या भावानं फोनवर सांगून पाहिलं, "तिले रेल्वेनं ने ना." आईनं माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "रेल्वेत खिडकीतून पावं लागते," आणि फोन परत दिला.

माझ्या मनात तोवर एक गाडी पक्की बसली होती. उंच, रुंद टाकीची, पुढं चोचीसारखं मडगार्ड असलेली. कित्येक महिने मी मोबाइलवर तिचेच व्हिडिओ बघत होते. चंद्रपूरच्या शोरूममध्ये ती समोर उभी दिसली तेव्हा मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. वर बसले, तर माझी फक्त चवड्यांची टोकं जमिनीला लागत होती. तेही मी चालवून घेतलं असतं. पण मागची सीट त्याहून उंच होती. आईनं माझ्या खांद्याला धरून पाय वर टाकून पाहिला, तो अर्ध्यातच अडला.

"मॅडम, गाडी तुम्ही चालवणार ना?" विक्रेत्या मुलीनं हळूच विचारलं.

"चालवणार मी. जाणार दोघी," मी म्हटलं.

ती मुलगी चांगली होती. तिनं दुसऱ्या कोपऱ्यातली एक जरा ठेंगणी गाडी दाखवली. इंजिन लहान, सीट लांब आणि सपाट, चाकं तारांची, आत ट्यूब असलेली. जंगलातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याला ते चाक उघडता येणार होतं. दिसायला ती काही कुणाच्या स्वप्नातली नव्हती. आईनं तिच्याकडे पाहिलं, रोवण्याला उतरताना खोचते तसं लुगडं वर खोचलं आणि सगळ्या शोरूमसमोर टांग टाकून बसली. एका बाजूला दोन्ही पाय सोडून नाही, घोड्यावर बसावं तशी. आलेले लोक वळून बघू लागले. मीही पुढं बसले. दोघींचं वजन पडल्यावर गाडी थोडी खाली दबली आणि माझे दोन्ही तळवे फरशीवर टेकले.

"हेच घे," आई मागून म्हणाली. मी तीच घेतली.

गाडीपेक्षा कपड्यांनाच वेळ लागला. जाळीचं जॅकेट आमच्याकडच्या उन्हात बरं, ते आईला लगेच पटलं. कोपराचे आणि खांद्याचे कडक गार्ड तिनं बोटानं ठोकून पाहिले. हेल्मेट मात्र अंबाड्यामुळे डोक्यात जाईना. शेवटी तिनं अंबाडा सोडला आणि मानेपाशी सैल वेणी घातली. मला आठवतं तेव्हापासून आईची वेणी मी पहिल्यांदा पाहत होते. गुडघ्यांचे गार्ड शिवलेली पँट तिनं दाराला कडी लावून घातली. मग कडी निघाली.

"हसू नको," ती म्हणाली.

मी हसले नाही. ती पँटमध्ये ताठ उभी होती आणि मला फार चांगली दिसत होती.

बूट मात्र कुठलेच होईनात. उभा जन्म चिखलात अनवाणी रोवून तिच्या पायाची बोटं पसरली आहेत. दुकानातले सगळे बूट अरुंद. शेवटी खाणीत काम करणाऱ्या मामाकडे माजरीला गेलो आणि तिथल्या बाजारातून खाणकामगार घालतात तसले घोट्यापर्यंतचे रुंद बूट आणले. ते घालून आई मामाच्या अंगणात धप धप चालली तेव्हा मामाच म्हणाला, "बाई, उद्यापासून ड्युटीवर ये."

सामानानं भरलेल्या दोन पिशव्या मागं लटकवून आम्ही आधी मोहर्लीपर्यंत सराव केला. पहिल्या वळणालाच आई उलट्या बाजूला झुकली आणि गाडी रस्ता सोडायला लागली. "ज्या बाजूले वळण, त्या बाजूच्या माह्या खांद्यावरून समोर पाहत राय," मी सांगितलं. परत येईपर्यंत ती इतकी बेमालूम माझ्यासोबत कलत होती, की मागं कुणी आहे हेच मी विसरत होते.

धान घरात आल्यावर थंडीत आम्ही निघालो. आलापल्लीच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. बाजूनं काढलेल्या कच्च्या वाटेवर बारीक, सुटी खडी होती. मागचं चाक सरकलं आणि आम्ही दोघी डाव्या अंगावर पडलो. "आई!" मी ओरडले. उत्तर आलं ते डोक्यावरून. ती माझ्याआधी उभी राहिली होती. गुडघ्यावर कापड घासलं होतं, आत खरचटलंसुद्धा नव्हतं.

"ऊठ. तू तिकून धर, मी इकून धरतो," तिनं हुकूम सोडला.

समोरून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर मदतीला खाली उतरेपर्यंत गाडी आम्ही उभी केली होती. ती उंच गाडी असती तर त्याचीच वाट बघत बसावं लागलं असतं.

इंद्रावतीचा पूल ओलांडून आम्ही बस्तरात शिरलो. कोरापुटच्या थंडीत जाळीच्या जॅकेटमधून वारं आरपार जाऊ लागलं, तेव्हा आईनं आपली शाल आतून गुंडाळून घेतली आणि दुसरी मला दिली. अराकूच्या घाटात एका चहाच्या टपरीवर मोठमोठ्या गाड्यांवरचे काही पुरुष थांबले होते. त्यांतल्या एकानं आमच्या गाडीकडे आणि मग आईकडे पाहिलं.

"मांजी, इतनी छोटी गाडी पे? डर नहीं लगता?"

"छोटी काहे की?" आई म्हणाली. "दो जन बैठते, दो जन उठाते."

तो मोठ्यानं हसला आणि त्यानं आमच्या चहासोबत दोन भजी मागवली.

समुद्र दुपारी दिसला. आई बूट काढून पाण्यात गेली, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून. बाहेर आल्यावर तिनं रोवण्यातल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. मी मोबाइल समुद्राकडे धरला, तर तिनं माझा हात धरून तो स्वतःकडे वळवला. डोक्यावर हेल्मेट चढवलं, काच वर केली.

"दिसून राह्यली का मी?" तिनं विचारलं. "नीट पाय. मंग समुद्र दाखवतो."